बाईंचे सहा दात

आता तुम्हीच सांगा, तीस वर्षं एकाच शाळेत घालवलेल्या बाईला समोर बसवून कोणी "तुमचे दात काही बरे दिसत नाहीत हो" असं म्हणतं का? हेडमॅडम म्हणाल्या. आणि वर चहा पाजून म्हणाल्या.

"राग मानू नका, बाई. पण शाळेची फिल्म निघतेय. देणगीदार बघणार. कॅमेरा अगदी तुमच्या तोंडाजवळ येणार. आणि मग ते... ते पट्टे."

"पट्टे काय आज उगवलेत?" बाई म्हणाल्या. "तुम्ही नवीन लागलात तेव्हा माझ्या वर्गात मागे बसून शिकत होतात. तेव्हा नाही दिसले ते?"

हेडमॅडमनी कपात नजर घातली. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली, पण पट्टे होते हे खरंच होतं. लहानपणी सारखा ताप यायचा म्हणून आईने कसलंसं गोड औषध महिनोन्महिने पाजलं, आणि पक्के दात आले तेच करडे, त्यांच्यावर तपकिरी आडव्या रेघा. कितीही घासा, रंग आतलाच. बाईंनी ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. लग्नाच्या फोटोत तोंड मिटून हसल्या, तेवढंच. नवरा तर म्हणायचा, "तू बोलायची थांबशील तेव्हा दात नीट बघीन म्हटलं होतं, अजून संधी आली नाही."

बाई बोलायच्या खूप, आणि तेच त्यांचं काम होतं. शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची. कोणाच्या कानात मशीन असायचं, कोणाला मशीनचाही फारसा उपयोग नसायचा. चार-पाच वर्षांची पोरं बाईंच्या वर्गात यायची, आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघून शब्द ओळखायला आणि मग स्वतः काढायला तिथे शिकायची. आपसात ती हातांनी भराभर बोलत, आणि बाई त्यांना कधी अडवत नसत. उलट पोरांचे चहाडीचे हात बाईंनाही वाचता यायचे. पण दुकानदाराला, बसवाल्याला, दवाखान्यातल्या नर्सला हातांची भाषा येत नाही ना! म्हणून तोंड वाचायला शिकायचं.

त्यासाठी बाई बुटक्या स्टुलावर बसायच्या, म्हणजे तोंड पोरांच्या डोळ्यांसमोर येईल. खिडकीकडे तोंड करून बसायच्या, म्हणजे ओठांवर उजेड पडेल. फळ्याकडे वळून एक अक्षर बोलायच्या नाहीत. 'प' म्हणताना ओठांसमोर कागदाची पट्टी धरायच्या आणि ती उडाली की पोरं खिदळायची. 'त', 'द', 'ल' म्हणताना जिभेचं टोक दातांना लागतं ते दिसायचं. 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांशी जातो ते दिसायचं. शाळेत बाकीच्या सगळ्या अमक्या वर्गाच्या बाई आणि तमक्या वर्गाच्या बाई. या नुसत्या 'बाई'.

बाई चार दिवस भांडल्या आणि शेवटी हो म्हणाल्या. दातांचा डॉक्टर विश्वस्तांच्या ओळखीतला. फुकट करून देणार होता आणि त्याचं नाव फिल्मच्या शेवटी येणार होतं. तरुण मुलगा, बोलायला गोड. त्याने सगळं समजावून सांगितलं. औषध लावून दात पांढरे करायचे म्हटलं तरी हा रंग हटणार नाही, तो खोलवर मुरलाय. वरच्या समोरच्या सहा दातांवर सिरॅमिकची आवरणं बसवायची. पातळ बसवली तर खालचा काळपटपणा डोकावणार, जाड बसवली तर झाकला जाणार. "मग जाडच घेऊ," तो म्हणाला. "चावण्याची काळजी करू नका. कडक खाता का? झोपेत दात खाता का?"

हे विचारलं त्याने. "तुम्ही दिवसभर या तोंडाने काय करता?" हे काही विचारलं नाही. आणि बाईंनाही सांगायचं सुचलं नाही. दाताचा दवाखाना म्हटल्यावर माणूस दुखेल का एवढंच विचारतो.

रंग ठरवायच्या दिवशी हेडमॅडम जातीने हजर. डॉक्टरने छोट्या छोट्या नमुन्याच्या दातांची माळ बाईंच्या ओठाशी धरली आणि एकावर बोट ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "अजून जरा पांढरा घ्या ना, कॅमेऱ्यात उठून दिसेल." डॉक्टर म्हणाला, "लांबीही किंचित वाढवू. वय कमी दिसतं." मॅडम म्हणाल्या, "वा!" आणि बाई? बाईंच्या दोन्ही गालांत कापूस कोंबलेला, जीभ एका नळीखाली दाबलेली. त्यांनी "अं अं" केलं. "दुखतंय का?" डॉक्टरने विचारलं. तोंड ज्याचं त्याचंच मत सोडून सगळ्यांची मतं तिथे घेतली गेली.

दात बसले. आणि खोटं कशाला बोला, सुंदर बसले. घरी येताना बाईंनी एका दुकानाच्या काचेत स्वतःला बघितलं, मग मागे फिरून पुन्हा एकदा बघितलं. नवऱ्याने गाजर पुढे केलं, त्यांनी कडाकडा खाल्लं. "अगं, तू तर टूथपेस्टच्या जाहिरातीतली आई झालीस!" नवरा म्हणाला. शाळेत शिपाई पण लाजत लाजत म्हणाला, "बाई, मस्त." बाईंचा राग बराचसा विरला. आपण उगाच आकांडतांडव केलं असं वाटायला लागलं.

आणि मग वर्ग बिघडला.

एकाएकी नाही. आधी पोरं चुळबुळ करायला लागली. येणारे शब्द चुकायला लागली. मग एक खोड सुरू झाली: बाई बोलायला लागल्या की एक मान खाली झुकायची, मग दुसरी, मग अर्धगोलात बसलेला अख्खा वर्ग वाकलेला. बाई मानेला हात लावून सरळ करायच्या, पोर परत वाकायचं. "सरळ बसा! पाठीला काय झालंय सगळ्यांच्या?" बाईंना वाटलं, एकाने चाळा काढला आणि बाकीच्यांनी उचलला. मस्ती म्हणून त्यांनी दोघांना भिंतीशी उभंही केलं.

सगळ्यांत वाकायची ती टिचकी. सहा वर्षांची, काडीसारखी, कोणाचं लक्ष हवं असलं की कोपराला टिचकी मारणारी. म्हणून नाव टिचकी. पोरगी उशिरा आली होती शाळेत. घरच्यांना कळलंच उशिरा. तिला घ्यायलाच तयार नव्हते, बाईंनी भांडून अर्ध्या वर्षाच्या बोलीवर घेतली होती. आता तपासनीस साहेब येणार होते. टिचकीची प्रगती दिसली तर ती बाईंच्या वर्गात राहणार. नाही दिसली तर मागच्या इमारतीत, हस्तकला वर्गात. हस्तकला म्हणजे काय, तर मणी ओवा, घड्या घाला. तिथे ना कोणी हाताची भाषा धड शिकवत, ना तोंडाची. पोरं तिथे मोठी होतात आणि मोठी होऊन मणी ओवतात. सहा वर्षांच्या मुलीचं सगळं आयुष्य असं एका सकाळी ठरवून टाकायचं, आणि याला म्हणे व्यवस्था!

आणि ऐन वेळेला टिचकी मागे पडत चालली होती. फिल्म ठरायच्या आधी दिवा, ताट, वही, दार हे शब्द तिला लख्ख यायचे. आता 'दार' म्हटलं की ती नुसती बघत राहायची, मग वाकायची, मग खाली बघायची. बाईंनी तिच्या कानातल्या मशीनचा सेल बदलला. मशीनच तपासून आणलं. तिची खुर्ची उजेडाकडे सरकवली. शेवटी तिच्या आईला बोलावून घेतलं. आई एका लाँड्रीत इस्त्री करायची, हातांवर भाजल्याच्या खुणा.

"घरी सराव घेत नाही तुम्ही," बाईंनी सरळ सुनावलं. "पोरगी सगळं विसरत चाललीय."

"घेते हो बाई, रोज घेते." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यासमोर नीट सांगते ती. देवाशपथ सांगते."

"माझ्यासमोर का नाही सांगत मग?"

आईने हाताचा पंजा तोंडावर दाबला. बाईंना वाटलं, खोटं बोलतेय.

दुसऱ्या दिवशी बाईंनी टिचकीला एकटीलाच घेतलं. "दार," बाई म्हणाल्या. टिचकी वाकली. "सरळ बस," बाईंनी हाताने दाखवलं. "दार." टिचकीने मान हलवली. बाईंचा आवाज चढला. चढवून उपयोग काय, पण माणूस चिडला की चढतो. "दार! रोज म्हणायचीस ना!" टिचकीचा चेहरा रडवेला झाला. मग ती हळूच खुर्चीवरून घसरली, बाईंच्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसली, आणि मान वर करून त्यांच्या तोंडात खालून बघायला लागली.

बाई रागावणारच होत्या. पण तोंडातून शब्द निघून गेला होता, "दार."

टिचकी उठली, दाराकडे गेली आणि दारावर हात ठेवून उभी राहिली. "दा-र," तिच्या जाडसर आवाजात म्हणाली.

बाईंनी खणातून हातआरसा काढला. समोर धरला आणि आवाज न करता म्हणाल्या: दार. ताट. दिवा. ला, ला, ला. आरशात पांढरेशुभ्र, लांब, चकचकीत दात दिसले. जीभ कुठेच दिसेना. 'व' म्हणताना ओठ त्या लांब कडेवर आधीच आपटत होता आणि भलताच काही आकार होत होता. आरसा जरा खाली धरून खालून बघितलं, तेव्हा कुठे जिभेचं टोक दिसलं.

म्हणजे पोरं चाळे करत नव्हती. पोरं बिचारी दातांच्या खालून बाईंचे शब्द शोधत होती. आणि बाई त्यांच्या माना सरळ करत होत्या!

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिला राग स्वतःवरच. दोन पोरांना भिंतीशी उभं केलं. एका आईला तोंडावर खोटं ठरवलं. त्या तशाच लाँड्रीत गेल्या आणि गरम वाफेत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी होती. तुमची पोरगी हुशार आहे. माझंच तोंड बंद पडलं होतं." आईला धड कळलं नाही, पण तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि बाईंचा हात धरला.

मग दुसऱ्या रागाची पाळी. हेडमॅडम म्हणाल्या, "मी समजू शकते, पण आधी फिल्म होऊ द्या. मग काय घासायचं ते घासा."

"फिल्मच्या आधी तपासणी आहे."

"एका मुलीसाठी एवढं सुंदर काम बिघडवायचं?"

"वर्गातल्या प्रत्येक पोरासाठी. आणि एका मुलीसाठीसुद्धा!" बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून चालत्या झाल्या.

दवाखान्यात त्या टिचकीला आणि तिच्या आईला घेऊनच गेल्या. डॉक्टरने तोंड उघडायला लावलं, निळा कागद चावायला दिला, खुणा बघितल्या आणि समाधानाने मान डोलावली. "बाईट परफेक्ट आहे. दिसणं आणि काम, दोन्ही शंभर टक्के."

"कुठलं काम?"

"चावायचं."

"डॉक्टर, चावून माझं फक्त जेवण होतं. माझं काम या पोरांना जीभ दाखवून होतं. ती झाकलीत तुम्ही. लांबी कमी करा, जाडी कमी करा."

"अहो, कमी केलं तर झाकणारा थर पातळ होतो. पट्टे परत डोकावतील. चकाकीही जाईल. आणि फिल्ममध्ये माझं नाव—"

"हे तोंड माझं आहे की तुमच्या दवाखान्याची पाटी?"

बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकवायला लागले. डॉक्टरचे कान लाल झाले. वाईट नव्हता पोरगा. त्याने मास्क खाली केला आणि म्हणाला, "बरं. किती कमी करू?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

टिचकीला स्टुलावर उभं केलं, डोळे बाईंच्या तोंडासमोर. डॉक्टरने मशीन सुरू केलं. पाण्याचा फवारा उडाला, टिचकीने बाईंचं मनगट पकडलं आणि मशीनची थरथर लागताच डोळे मोठे केले. थोडं घासून झालं की बाई गुळणी करायच्या आणि आवाज न करता एक शब्द म्हणायच्या. टिचकी मान वाकवायची आणि पंजा हलवायची: अजून नाही. पुन्हा घासणं. मागच्या बाजूनेही घासलं, जिभेला जागा व्हावी म्हणून. पुन्हा शब्द. 'वही' आला. 'ताट' आलं, पण मान किंचित वाकूनच. डॉक्टर तर आता टिचकीकडेच बघून काम करायला लागला होता.

शेवटी तो थांबला. "याच्या पुढे नको. दोन दातांचा खालचा रंग दिसायला लागेल."

बाई म्हणाल्या, "दिवा," बिनआवाजी. टिचकीची मान झुकली, जराशीच.

"बघितलंत? अजून वाकते ती. घासा."

"बाई, पुन्हा एकदा विचार करा."

"विचार तुम्ही सगळ्यांनी मिळून केला होता ना, मी तोंडात कापूस घेऊन बसले होते तेव्हा? झाला तेवढा पुरे. घासा."

त्याने घासलं. बाईंनी गुळणी केली. "दिवा." टिचकी ताठ उभी. तिने छताकडे बोट दाखवलं, तिथल्या मोठ्या दिव्याकडे, आणि एवढ्या जोरात "दिवा!" म्हणाली की बाहेरचे लोक परत डोकावले. तिची आई भिंतीकडे तोंड करून रडली.

डॉक्टरने मग बराच वेळ कडा गोल करून दिल्या, फुटू नयेत म्हणून. मधल्या दोन दातांच्या टोकाला करडी झाक दिसत होती. "आधीच विचारायला हवं होतं मी," तो म्हणाला.

"हो, हवं होतं," बाई म्हणाल्या. राहू द्या, असू द्या, असलं काही म्हणाल्या नाहीत.

हेडमॅडमनी दात बघितले आणि कपाळाला हात लावला. "आता काय, फिल्ममध्ये तुम्हाला पाठमोरं घ्यावं लागणार!" तीस वर्षांनी हे ऐकायचं! बाई दातओठ खाऊन गप्प राहिल्या, कारण आत तपासणी सुरू व्हायची होती. मॅडम वर्गाच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, साहेबांचं दर्शन घ्यायला.

आधी बाईंनी विचारायचं होतं. टिचकीने सगळी उत्तरं दिली, मान सरळ ठेवून, एकही शब्द न चुकता. मग साहेबांची पाळी. साहेब खुर्चीत रेलले, हातातल्या कागदाकडे बघत काहीतरी पुटपुटले. टिचकी बघत राहिली. साहेबांनी परत म्हटलं. टिचकी वाकली. अजून वाकली. आणि मग खुर्चीवरून उतरून थेट साहेबांच्या पायाशी फरशीवर बसली.

"लक्ष नाही हिचं," साहेब म्हणाले आणि पेन काढलं.

बाईंनी तेव्हा कुठे साहेबांकडे नीट बघितलं. भरघोस मिशी. वरचा ओठ अख्खा झाकून खालच्यावर टेकलेली. बोलताना हलायची ती फक्त मिशी.

"साहेब, तिचं लक्ष आहे. तुमचा ओठच नाही जागेवर."

"काय?"

"काय दिसणार तिला? तुम्ही कागदाकडे बघून बोलता. त्यावर ही मिशी!"

"बाई!" उंबऱ्यातून हेडमॅडम कळवळल्या. "अहो, साहेब आहेत ते!"

"मी वीस वर्षं तपासणी करतोय," साहेब थंडपणे म्हणाले. "अशी तक्रार कोणी केली नाही."

"कोण करणार? ज्यांनी करायची त्यांना तुम्ही मणी ओवायला पाठवून दिलंत!" बाई म्हणाल्या. "वीस वर्षांत किती पोरं तुमच्या मिशीपुढे नापास झाली असतील, साहेब? त्यांचे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत, डोकं शाबूत आहे. फक्त तोंड दिसू दे एवढंच मागतात ती. मी माझे नवेकोरे दात घासून आलेय त्यासाठी. तुम्हाला मिशी काढा म्हणत नाही मी. दोन बोटांनी वर धरा आणि तिच्याकडे बघून बोला."

साहेबांनी बाईंच्या दातांकडे बघितलं, त्या करड्या टोकांकडे. मग खाली, फरशीवरून वर बघणाऱ्या पोरीकडे. त्यांनी पेन खाली ठेवलं, डाव्या हाताच्या दोन बोटांनी मिशी उचलून धरली, आणि पुढे वाकून सावकाश म्हणाले, "दार लाव."

टिचकी उठली. तुरुतुरु उंबऱ्याकडे गेली, हेडमॅडमना दोन्ही हातांनी बाहेर सारलं, दार ओढून घेतलं, कडी घातली, आणि येऊन खुर्चीत ताठ बसली.

"ला-व-लं," ती म्हणाली.

साहेबांची बोटं अजून मिशीलाच होती.

"पुढचं विचारा," बाई म्हणाल्या.